दागिन्यांतली निर्वासित

बोईसर, २ नोव्हेंबर १९६६

भागीआजी यांस,

प्रभूची माया तुमच्या दारावर असो. हिरा दिवाळीच्या सुट्टीसाठी घरी येत आहे, तिच्याच हाती ही चिठ्ठी देत आहे. तिचा अभ्यास उत्तम चालला आहे. सातवीची सरकारी परीक्षा एप्रिलमध्ये आहे आणि ती वर्गात दुसरी आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, की हिराचा वसतिगृहाचा खर्च जर्मनीतल्या श्रीमती ग्रेटा नावाच्या बाई करतात. आपली वीजघरासाठी हललेली गावं आमच्या निर्वासित बालक मदत योजनेत घेतली गेली, म्हणून हे जमलं. बाईंनी आता हिराचा फोटो मागितला आहे. सुट्टीत तिला बोईसरच्या बाजारातल्या फोटोवाल्याकडे न्यावं. मी त्याला सांगून ठेवलं आहे, तो फोटो परस्पर आमच्या मुंबईच्या कचेरीत धाडील. पोशाख साधा असावा.

सोबत एक कागद आहे. मूळ गाव कधी सोडलं, प्रवास किती दिवसांचा झाला, वाटेत कोणते हाल झाले, वडील कधी व कसे वारले, एवढं भरून पाठवावं. बाईंना वाचायला आवडेल.

आपली,
सिस्टर आग्नेस

*

नवा पाडा, तारापूर, १८ नोव्हेंबर १९६६

सिस्टरबाय,

कागद पोचला. मी दुसरी शिकलेली, ती पण अर्धी. मधेच बापानं शाळेतून उठवून डोक्यावर माशाची टोपली दिली. तवा अक्षर वाकडं दिसेल. मजकूर सरळ हाय.

तुमी विचारता मूळ गाव कधी सोडलं. आमचा जुना पाडा इथून दीड मैल. सरकारनं उठा सांगितलं, आमी भांडी, जाळी न् कोंबड्या बैलगाडीत घातल्या आणि दुपारच्या जेवणाला नव्या घरात होतो. प्रवास किती दिवसांचा, तर अर्ध्या दिवसाचा. त्यातपण गाडीवाला बिडी प्यायला थांबला म्हणून. वाटेत हाल कोणते, तर त्या गाडीवाल्याचं बोलणं ऐकावं लागलं. एक कोंबडी हरवली नाय. ह्याला तुमी निर्वासित म्हणता. माझी सून लग्न होऊन सातपाटीहून आली ती ह्याच्या दसपट लांबून आली, तिला कुणी जर्मनीवरून काय पाठवलं नाय.

गेलं ते वेगळंच गेलं. गोड्या पाण्याची विहीर गेली. बोंबील वाळत घालायचं वाऱ्याचं मैदान गेलं, इथं दोन दिवस जास्त लागतात आणि माशा बसतात. चौथीच्या पुढची शाळा गेली, म्हणून तर पोर तुमच्याकडं ठेवली. पण त्याला तुमच्या कागदावर रकानाच नाय. रकाना हाय तो हालांचा.

बाप मेला ते मी दोन वर्षांमागं लिहून दिलंय. मेलेल्याची सारखी चौकशी करू नये.

फोटो झाला. काळजी करू नका, झकास झाला. पाड्यातल्या सगळ्या बायका हातभार लावायला आल्या. जिवलीनं ठुशी दिली, हंसानं पाटल्या दिल्या, माझी पोत आणि बुगड्या होत्याच. पोर नुसती उजळली. फोटोवाला म्हणाला, लग्न ठरलं काय. मी म्हटलं, तुझं काम काच पुसायचं, ते कर.

एक सांगायचं राहिलं. हिरा म्हणते तुमच्याकडं शुक्रवारी मासे असतात ते वास मारतात. सोमवारचा मासा शुक्रवारी शिजवला की वास मारणारच, त्यात देवाचा काय इलाज नाय. कोण देतो तुमाला मासे?

भागी दवणे

*

बोईसर, २१ नोव्हेंबर १९६६

भागीआजी,

तुमचं पत्र मिळालं. मी साधा पोशाख लिहिलं होतं. तुम्ही मुलीला अंगभर सोनं घालून फोटो काढला? मी तशीच फोटोवाल्याकडे धावले, पण त्याने फोटो मुंबईला पाठवूनही दिला होता.

आजी, तुमच्या लक्षात येत नाही. श्रीमती ग्रेटा एका कारखान्यात काम करतात. आपल्या मिळकतीतला वाटा काढून एका अनाथ, निर्वासित मुलीला देतात. त्यांना काय वाटेल? कृपा करून दुसरा एक फोटो काढू या. हिराचा घरातला जुना फ्रॉक असेल तो घाला, केस जरा मोकळे असू देत. हसू नको असं तिला सांगा. मी तो तातडीने पाठवते आणि पहिला चुकून गेला असं कळवते.

तुम्ही रागावू नका. हे तिच्याच भल्यासाठी आहे. मासे आम्हाला बाजारातला एक व्यापारी देतो. माणूस देवभोळा आहे.

सिस्टर आग्नेस

*

नवा पाडा, २७ नोव्हेंबर १९६६

सिस्टरबाय,

रागावले नाय. हसले. जिवलीला वाचून दाखवलं, ती पण हसली, न् तिला वर्षातनं एकदा हसू येतं.

तुमी वसईच्या. तुमच्यात पण सण-लग्नाला बायका सोनं घालतात, मी वसईच्या बाजारात बघितलंय. मग हे तुमाला सांगावं लागतं ह्याचं नवल वाटतं. आमच्यात पोर पहिल्यांदा परक्याच्या नजरेला जाते तवा एकट्या घराचं सोनं घालून जात नाय, पाड्याचं घालून जाते. ज्याच्याकडं जे असेल ते. म्हणजे समोरच्याला कळतं की हिच्या मागं माणसं हायत, हिला कुणी टाकलेली नाय. संध्याकाळी ज्याचं त्याला परत. हंसाच्या पाटल्या त्याच दिवशी दिव्याआधी तिच्या हातात होत्या. ती जर्मनीची बाई परकीच ना? मग तिच्यासमोर पोर उघड्या गळ्यानं कशी पाठवू?

केस मोकळे सोडा म्हणता. आमच्यात केस मोकळे सोडतात ते घरात कुणी मेल्यावर. हसू नको म्हणता. ते तर पोरीला मी पण बारा वर्षं सांगते, ऐकत नाय.

दुसरा फोटो होणार नाय. फाटका फ्रॉक घरात हाय, त्यानं मी चूल पुसते.

आणि तो देवभोळा व्यापारी देवाला पण शिळाच मासा वाहत असेल. कल्ला उघडून बघा. लाल असला तर ताजा, तपकिरी असला तर त्याला परत करा आणि सांगा भागीनं सांगितलं.

भागी दवणे

*

बोईसर, १८ जानेवारी १९६७

भागीआजी,

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही वाईट.

श्रीमती ग्रेटांचं पत्र मुंबईच्या कचेरीमार्फत आलं. मी ते जसंच्या तसं मराठीत उतरवते. त्या लिहितात: "एकोणीसशे पंचेचाळीसच्या जानेवारीत मी माझ्या आईबरोबर आमचं गाव सोडलं. हातगाडी होती, बर्फ होतं, माझी धाकटी बहीण वाटेतच गेली. आईने लग्नाची अंगठी एका पावासाठी दिली. निर्वासित म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. फोटोतली मुलगी निर्वासित नाही. ती सुखात आहे आणि तिच्यावर कुणाचा तरी जीव आहे, याचा मला आनंद होतो. पण तुम्ही मला खोटं का सांगितलंत? माझी मदत ज्याला खरंच गरज आहे त्याला द्या."

कचेरीने ठरवलं आहे की हिराची मदत फेब्रुवारीअखेर बंद. परीक्षा एप्रिलमध्ये. मधल्या दोन महिन्यांत तिला ठेवायचं तर मदर सुपीरियरना कारण द्यावं लागेल, आणि माझ्याजवळ कारण नाही.

दुसरं असं. गेल्या रविवारी फाटकापाशी एक माणूस आला. बिस्किटांचा पुडा घेऊन. म्हणाला, मी वामन दवणे, हिराचा बाप, सरावलीला खोली घेऊन राहतो, ठेकेदाराकडे कामाला आहे. हिरा त्याला बघून आत पळाली. आजी, तुम्ही वामन बोट बुडून वारल्याचं लिहून दिलं होतं. त्यावर पाड्यातल्या दोन साक्षीदारांचे अंगठे आहेत.

मी तुम्हाला दोष देत नाही. पण मला उत्तर हवं आहे.

सिस्टर आग्नेस

*

नवा पाडा, २२ जानेवारी १९६७

सिस्टरबाय,

उत्तर देते.

वामन माझाच. बुडाला नाय. बुडाला असता तर पाड्यानं दोन दिवस समुद्रात बोटी टाकल्या असत्या, तेवढं तरी त्याच्यासाठी कुणी केलं असतं. बायको बाळंतपणात गेली, हिरा चार वर्षांची, दुसरं पोर पण राहिलं नाय. त्यानंतर दहा महिन्यांत त्यानं सरावलीला दुसरं घर केलं आणि पोरीला माझ्या ओट्यावर ठेवून गेला, जशी रिकामी टोपली ठेवतात तशी. आठ वर्षं फिरकला नाय. तुमचा माणूस कागद घेऊन आला, म्हणाला अनाथ असेल तर लगेच घेतो, बाप असेल तर यादीत नाव घालून बघू. मी म्हटलं, अनाथ. तो म्हणाला, बाप कसा गेला? मी म्हटलं, पाण्यात. पाड्यातल्या माणसांनी अंगठे केले ते खोटे नव्हेत, त्यांच्या मते पण तो गेलेलाच हाय. बिस्किटं कुत्र्याला घाला.

तुमी निर्वासित लिहिलं, मी अनाथ लिहिलं. तुमचं खोटं छापील होतं, माझं हातानं लिहिलेलं. एवढाच फरक.

आता त्या बाईचं. तिचं पत्र मी चार वेळा वाचलं. ह्या सगळ्या प्रकारात खरं बोललेली तेवढीच एक. तुमच्या कचेरीनं फॉर्म वाचला न् पोर निर्वासित ठरवली, तिनं तोंड बघितलं न् ओळखलं. मासा घेताना आमी पण टोपलीवर काय सांगतात ते ऐकत नाय, डोळा बघतो. ह्या बाईला बाजार कळतो. तिला लिहा, भागी दवणे म्हणते तुमचं बरोबर हाय, आणि तुमच्या बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. वाईट वाटलं हे मी सहसा लिहीत नाय, तवा नीट उतरवा.

पण हिराला परीक्षेआधी काढू देणार नाय. का ते सांगते. पाडा हलला त्या वर्षी एक साहेब कागद घेऊन आला. सात पानं. मी दुसरी शिकलेली पाड्यात सगळ्यांत जास्त शिकलेली, म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पहिली ओळ वाचली, पुढची समजली नाय. सरकारी मराठी म्हणजे काय भाषा ती देवाला ठाऊक. मला लाज वाटली, म्हणून मी मान डोलावली. माझी मान बघून बाकीच्यांनी अंगठे केले. विहिरीचं त्यात काय लिहिलं होतं ते आजपण कुणाला माहीत नाय. लिहिलं असेल तर मिळाली का नाय, लिहिलं नसेल तर कुणी मागितली का नाय, सगळं माझ्या मानेवर. पुढचा कागद येईल तवा सात पानं वाचणारं माणूस माझ्या घरात पाहिजे. त्यासाठी पोर तुमच्याकडं हाय. देवासाठी नाय, जर्मनीसाठी नाय.

तवा मदरबायला हे कारण सांगा. दर शुक्रवारी सकाळी सातच्या आत भागी दवणे तुमच्या स्वयंपाकघरात मासे आणून टाकील. पहाटे बोट लागते, मी पहिल्या एसटीनं येते. जेवढ्या पोरी तेवढ्यांना पुरेल एवढे. समुद्र देईल ते, तुमी मागाल ते नाय. पावसाळ्यात बोटी बंद, तवा सुके बोंबील न् जवळा. बदल्यात हिरा राहील, जेवील, परीक्षा देईल. देवभोळ्याला सुट्टी द्या.

काटे मी काढून देणार नाय, ते पोरींनी शिकावं.

भागी दवणे

*

बोईसर, ३ फेब्रुवारी १९६७

भागीआजी,

आज सकाळी स्वयंपाकघरात तुमची टोपली पोचली तेव्हा मी प्रार्थनेत होते. बाहेर आले तर तुम्ही निघून गेलेल्या, आणि आमची स्वयंपाकीण सोमी रडवेली उभी. विचारलं तर म्हणाली, "त्या बाईनं माझ्या सुरीला धार नाही म्हणून सुरीच फेकून दिली." मदर सुपीरियरनी जेवताना मासा चाखला. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी तो होकार समजते. हिरा राहील.

वामनचं मी कुणाला सांगितलेलं नाही. मला हे पाप आहे की काय ते ठरवता येत नाही. बिस्किटं मुलींनी खाल्ली.

आता एक विनंती. श्रीमती ग्रेटांच्या मदतीसाठी मी नवसीचं नाव सुचवलं आहे. आमच्याच वसतिगृहातली, बेटेगावच्या पलीकडल्या डोंगरावरची मुलगी, दहा वर्षांची. येत्या आठवड्यात तिचा फोटो आणि माहिती जायची आहे. कचेरीने पुन्हा तोच छापील कागद पाठवला आहे. तुम्ही मासे द्यायला येता तेव्हा नवसीशी याविषयी काही बोलू नये, एवढंच. मी तुम्हाला ओळखू लागले आहे.

सिस्टर आग्नेस

*

नवा पाडा, ११ फेब्रुवारी १९६७

सिस्टरबाय,

बोलले. कालच बोलले. भांडी घासायच्या दगडावर बसली होती. मी विचारलं, तू निर्वासित हायस काय. म्हणाली, ते काय असतं. विचारलं, आईबाप कुठं. म्हणाली, दिवाळी झाली की मिठागरावर कामाला जातात, पाऊस लागायच्या आधी येतात, मला नेतात न् भात लावतात. येतात का नक्की, तर म्हणाली, "येतात म्हणजे. भात कोण लावील मग?" मला पोर आवडली. उगाच गळा काढत नाय.

आता तुमी कागदावर काय लिहिणार ते मला दिसतंय. पलायन, हाल, अनाथ. लिहू नका. ती बाई हातगाडी ढकलून आलेली हाय, तिला दुसऱ्यांदा फसवाल तर तिसऱ्या पोरीला पण काय मिळायचं नाय. तिला सरळ लिहा: आईबाप हायत. कष्टाळू हायत. सात महिने बाहेर असतात, तेवढे सात महिने पोर कुणाकडं तरी पाहिजे, आणि पोरीला शिकायचं हाय. छापील रकान्यात बसत नसेल तर कागद उलटा करा, मागं कोरा असतो.

फोटोचं पण ऐका. ह्या वेळी सोनं देणार नाय, ते आमचं. पण नवसीच्या पेटीत तिच्या आईनं दिलेली पांढऱ्या मण्यांची माळ हाय. सोमी म्हणते, तुमी शाळेत घालू देत नाय. फोटोपुरती घालू द्या. तेल लावून केस बांधा. हसली तर हसू द्या.

सुरी नवीन घेतलीत का? नसेल तर मी आणीन.

भागी दवणे

*

बोईसर, २४ मे १९६७

भागीआजी,

हिरा उत्तीर्ण. तालुक्यात मुलींमध्ये चौथी. निकालाचा कागद सोबत आहे, तो तिनेच तुम्हाला वाचून दाखवावा.

नवसीच्या वेळी मी तुमचं ऐकलं. कागद उलटा केला आणि मागे लिहिलं. कचेरीतून मला चांगलीच बोलणी बसली. ते पत्र तुम्हाला दाखवणार नाही, तुम्ही मुंबई गाठाल. पण त्यांनी ते पुढे पाठवलं, कारण पाकिटात फोटो त्या कागदाला चिकटला होता, सुटेना.

श्रीमती ग्रेटांचं उत्तर आलं. नवसीला त्यांनी घेतलं आहे. माळेचे मणी कशाचे, असं विचारलं आहे. तुमचा निरोपही मी नीट उतरवला होता, बहिणीचा. त्यावर त्या फक्त आभार मानतात, जास्त लिहीत नाहीत.

शेवटी एक ओळ आहे. पहिला फोटो त्यांनी परत पाठवला नाही, त्याबद्दल क्षमा मागतात. तो त्यांच्या खोलीत भिंतीला लावला आहे. कोण ही राजकन्या, असं कारखान्यातल्या मैत्रिणी विचारतात. त्या सांगतात, "हिला मी पोसत नाही." आणि विचारतात, ती सोन्यातली मुलगी अजून शिकते का?

काय कळवू?

सिस्टर आग्नेस

*

नवा पाडा, ३० मे १९६७

सिस्टरबाय,

कळवा, शिकते. कोण शिकवतं ते पण कळवा. समुद्र, न् पहाटेची एसटी.

फोटो ठेवला त्याला हरकत नाय. पण त्यातली ठुशी जिवलीची, पाटल्या हंसाच्या, हे तिला सांगून ठेवा. मैत्रिणींना सांगताना सगळं आमचं म्हणून सांगू नये. खोटं पसरतं.

निकाल हिरानं वाचून दाखवला. नंतर मी ट्रंकेतनं ती सात पानं काढली. ओट्यावर पाडा जमला होता. मी पोरीला म्हटलं, वाच, आणि समजलं नाय तर तसं सांग, माझ्यासारखी मान डोलावू नको. ती अडीच तास वाचत होती. दोन ठिकाणी अडली, तिथं पेन्सिलीनं खूण केली. पाचव्या पानावर विहीर हाय. पाड्याला नवी विहीर देण्यात येईल असं लिहिलंय. पाच वर्षं आमच्या ट्रंकेत पडून होती.

 तवा माझी मान बघून अंगठा केलेला गोमा म्हणाला, "आजी, मान तुझी होती." मी म्हटलं, होती.

आता अर्ज लिहायचाय. पोर लिहील, पण मायना कसा घालतात ते तिला येत नाय, तुमी शिकवलेलं नाय. पालघरच्या साहेबाला काय म्हणून सुरुवात करतात ते लिहून पाठवा. "प्रभूची माया" नको. आणि त्यात निर्वासित हा शब्द घालायचा असेल तर ह्या वेळी मी नाय म्हणणार नाय.

आठवीला ती तुमच्याकडंच येईल. बोटी बंद झाल्या, ह्या शुक्रवारी सुके बोंबील. आदल्या रात्री भिजत घालू नका, सोमीला सांगा, लगदा होतो. येऊन दाखवते.

भागी दवणे